साखरेची बादली

वाल्द्रेसच्या डोंगरात ओढ्यांचं पाणी मोजायची आमची रीत साधी आहे. वरच्या वळणावर एकाने बादलीभर मिठाचं पाणी ओतायचं, खाली दुसऱ्याने यंत्र घेऊन बसायचं. मीठ पोचलं की पाण्यातून वीज जास्त वाहते. आकडा चढतो, मग उतरतो. खाली मी असतो. वर बावीस वर्षं टोर्गायर असायचा. या वसंतापासून सुनिव्हा आहे.

तिच्या प्रत्येक मोजणीत मोठ्या चढानंतर दहा मिनिटांनी एक छोटा चढ यायचा. टोर्गायरच्याही यायचा. तो मीठ ओतून सिगारेट ओढायचा आणि मग बादली विसळायचा, कारण तोललेलं सगळं मीठ ओढ्यात गेलंच पाहिजे, हा माझा हट्ट. मागच्या जूनमध्ये विसळतानाच त्याचा पाय घसरला आणि तो बुडाला. तेव्हापासून मी विसळणं बंद केलं.

पोरीने हे ऑफिसात ऐकलं असणार. मूठभर मीठ मागे ठेवून ती माझी चेष्टा करत असणार. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिला नोकरीत कायम करू नये, असा कागद लिहून मी खिशात ठेवला. आज मिठाऐवजी गुपचूप साखर विरघळवून दिली. साखरेने आकडा हलत नाही. हललाच, तर मीठ तिच्या खिशातलं.

शिट्टी आली. तिने ओतलं होतं. आकडा बारावरच राहिला.

पाच मिनिटांनी ती बोट चाटत खाली आली.

“ओद्दवार, ओढ्याला सरबत पाजताय का?”

“बादली कुठंय?”

“वरच राहिली. माझ्यावर संशय आहे ना तुमचा? सरळ विचारायचं की.”

मला लाज वाटली. थर्मासमधली कॉफी मी तिला ओतून दिली. ती शेजारच्या दगडावर बसली, दोन्ही हातांत कप धरून.

तेरा. पंधरा. अठरा.

मग पुन्हा बारा.

वरून इथवर पाणी यायला तीन मिनिटं लागतात. ती येऊन आठ झाली होती.

“साखरेने चढतो?” तिने हळूच विचारलं.

“नाही.”

मी खिशातला कागद फाडला. दोघंही वर गेलो.

बादली दगडावर पालथी होती, टोर्गायर ठेवायचा तशी. आत बोट फिरवलं. जराही चिकट लागली नाही. बोट चाटलं, तर खारट.

“तू विसळलीस?”

“तुम्हीच नको म्हणता ना?”

बादलीच्या काठावरून अजून पाणी ठिबकत होतं.