ओला थर

नाटे गावच्या खाडीत फायबरच्या जेवढ्या होड्या आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर राजारामनं लावलेली ठिगळं आहेत. काचधाग्याची चटई कापायची, रेझिनात हार्डनर घालायचं, बोटांनी दाबून एकावर एक थर बसवायचे. तीस वर्षं हेच. रेझिननं त्याच्या बोटांवरच्या रेघासुद्धा खाऊन टाकल्या होत्या. रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा लागत नसे. दर महिन्याला तांदूळ आणायला त्याची बायको जाईबाई जायची.

पडवीच्या वाशाला टांगलेल्या विमानाला मात्र त्यानं तीन वर्षं हात लावला नव्हता.

अडीच हात लांब, रिमोटवर उडणारं फायबरचं विमान. मुलानं, प्रज्ञेशनं, जहाजावर नोकरीला जायच्या आदल्या दिवशी ते सड्यावर उडवलं आणि कातळावर आपटलं. शेपटाजवळ पोट फाटलं. "बाबा, तुम्ही हात लावू नका हां," तो हसत म्हणाला होता. "होडीसारखे तीन थर चढवाल, मग ते उडतंय कसलं! मी आल्यावर करू."

तो आलाच नाही. भर समुद्रात एका सकाळी तो जहाजावर नव्हता, एवढंच कंपनीच्या पत्रात होतं. ना देह, ना चप्पल.

येत्या रविवारी त्याचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठीची वंदना आणि जेवण, ठरलं. तीन वर्षं नको नको म्हणणारी जाईबाई अखेर हो म्हणाली, पण एका अटीवर. "आधी त्याचं विमान धड करा. मोडकं ठेवून पोराला निरोप कसा द्यायचा?"

सोमवारी दुपारी राजारामनं ते खाली काढलं. भेगेच्या कडा घासल्या, थर चढवले. एक, दोन, तीन. हाताला दुसरं वळणच नव्हतं. संध्याकाळी ते सुकल्यावर, प्रज्ञेश करायचा तसं, पंखांखाली दोन बोटं धरून तोलून पाहिलं. शेपूट धपकन खाली गेलं.

"बरोबर बोललास रे," तो पुटपुटला.

मंगळवारी सकाळी शेपटाजवळ एकच थर होता. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, बारीक पॉलिशपेपरनं घासलेला. खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर पांढरी भुकटी.

"तू हात लावलास?"

"मी? त्या वासानंच माझं कपाळ उठतं," जाईबाई म्हणाली. मग हळूच, "का हो?"

त्यानं विमान दोन बोटांवर धरलं. तराजूसारखं समतोल राहिलं.

उलटं केलं, तर पोटाखाली, थराच्या कडेला, अंगठ्याचा ठसा होता. एकेक रेघ स्वच्छ. मधून तिरकी खूण, लहानपणी प्रज्ञेशचा अंगठा कोयतीनं कापला होता त्याची.

ती पाहून जाईबाई खाली बसली.

बाकी थर दगडासारखा सुकला होता. राजारामनं ठशावर आपला अंगठा टेकवला. ओलं होतं. कोमट होतं. सुकताना रेझिन कोमट होतं, हे त्याला ठाऊक होतं. रात्रभर तसंच राहत नाही, हेही.

त्यानं अंगठा बराच वेळ उचलला नाही.

"रविवारचे तांदूळ आणायचे होते," जाईबाई म्हणाली. विमानापासून ती हलेना.

"मी जातो."

रेशन दुकानात स्वप्ना मशीन घेऊन बसली होती. "काका, तुम्ही कशाला आलात? हे मशीन रुसलंय ना तुमच्यावर!"

तिनं कार्डावरचं राजारामचं नाव दाबलं. त्यानं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा लाल.

"काकूंनाच पाठवा."

"तिसरं नाव दाब."

स्वप्नानं मान खाली घातली. ते नाव जाईबाईनं कधी कमी करू दिलं नव्हतं. "काका, असं नका करू."

"दाब गो. एकदाच."

तिनं दाबलं. त्यानं अंगठा ठेवला.

हिरवा.

पावती सरसरत बाहेर आली. वर प्रज्ञेशचं नाव.

स्वप्नानं विचारलं, "तांदूळ... रविवारसाठी ना?"

"रविवारचं राहू दे," राजाराम म्हणाला. "घरात खायला लागतील."

त्यानं अंगठा उजेडात धरला. नेहमीसारखा गुळगुळीत, एकही रेघ नाही.

पावती उचलली, ती अंगठ्याला चिकटली. अजून ओलं होतं.