विहिरीशी गप्पा

आमचं शेत पारोळ्याजवळ, बोरी नदीच्या अंगाला आहे. कापूस, दादर ज्वारी, हरभरा, आणि घराच्या बाजूला वांग्यांचा एक तुकडा. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मग प्रशीलने, माझ्या नवऱ्याने, ठरवलं की शेतावर शाळांची शिबिरं घ्यायची. मुलांना माती दाखवायची, बैलगाडीत बसवायचं, रात्री तारे दाखवायचे. मलाही ते पटलं आणि आम्ही दोघं कायमचे इकडे आलो.

माझे सासरे, चिंधा नाना, तेव्हा खूप हसले होते. "वावर देखाले लोक येतीन?"

जानेवारीत पहिली बस आली तेव्हा मात्र नानाच फाटकाशी सगळ्यांच्या पुढे उभे होते. नवा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. धुळ्याची शाळा, सातवीचा वर्ग आणि बरोबर विज्ञानाचे योगेंद्र सर. दार उघडल्याबरोबर मुलं अशी बाहेर सांडली की गोठ्यातली वासरं दचकून उभी राहिली.

पहिला तास माझा होता आणि तो विहिरीवर होता. विहीर जुनी, दगडी बांधणीची. मुलं येणार म्हणून प्रशीलने तिच्यावर मोठ्या घरांची जाड लोखंडी जाळी बसवून बोल्टने आवळून घेतली होती. आत दगडांच्या फटींत पारव्यांची घरटी. मी मुलांना कठड्याभोवती उभं केलं आणि प्रतिध्वनी समजावला. आवाज खाली जातो, पाण्यावर आणि दगडांवर आपटतो, परत येतो. नवीन काही येत नाही, आपण दिलं तेच येतं.

"ओऽऽ!" मुलं ओरडली.

"ओऽऽ!" विहीर म्हणाली. पारव्यांचा थवा फडफडत जाळीतून वर आला. मुलं टाळ्या पिटत नाचायला लागली.

भरिताची पार्टी आम्ही दुपारीच ठेवली होती. वर्गातली काही मुलं जैन घरांतली, सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. त्यांच्यासाठी वरण-बट्टी वेगळ्या चुलीवर, बाकीच्यांसाठी काट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. धुराने डोळे चुरचुरत होते. भाजलेल्या मिरचीचा आणि कांद्याच्या पातीचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण जाणारे ट्रॅक्टरवाले हात करत होते. योगेंद्र सर किती भाकरी खातील यावर मुलांनी पैजा लावल्या. नाना पंगतीत फिरत "आखो घे, आखो घे" असा आणखी वाढायचा आग्रह करत होते.

हात धुऊन काही मुलं पुन्हा विहिरीकडे पळाली. मीही मागोमाग गेले, कारण मुलं विहिरीवर एकटी जाणार नाहीत असा आमचा नियम होता. पुनीत नावाचा उंच मुलगा जाळीवर वाकून ओरडला, "कशी आहेस?"

प्रतिध्वनी आला नाही. मग खालून आवाज आला, "बेस शे."

मुलं हसून लोळायचीच बाकी राहिली. त्यांना वाटलं, ही शिबिरातलीच गंमत. योगेंद्र सरांना वाटलं, मी स्पीकर बसवलाय. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, झकास केलंय. ब्लूटूथ आहे का?"

मी म्हटलं, "सर, मला वाटलं तुम्हीच काहीतरी केलंय."

आम्ही दोघंही हसलो. पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की पुनीत ओरडला तेव्हा काही पारवे उडाले होते. उत्तर आलं तेव्हा आत उरलेल्यांतला एकही हलला नव्हता. खाली, पाण्याजवळच्या कपारीत, ते माना आत घेऊन निवांत बसले होते.

तोवर जिनल पुढे आली होती. बुटकी, दोन वेण्या, दिवसभर प्रश्न विचारणारी. "तुझं नाव काय?" तिने विचारलं.

उलट खालूनच प्रश्न आला, "जेवनात का?"

"होऽऽ!"

"काय जेवनात?"

मुलांनी एकाच वेळी भरीत, बट्टी, गूळ, ताक असं सगळं सांगून टाकलं. विहीर हसली. आवाज बाईचा की पुरुषाचा, मला कळलं नाही. पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा वाटला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मुलं हरभऱ्याच्या शेतात सोलाणा, म्हणजे ओला हरभरा, खायला गेली, तेव्हा मी प्रशीलला जाळी काढायला लावली. कोणीतरी गावातलं पोरगं आपली चेष्टा करतंय आणि ते आत कुठे अडकलं तर, अशी मला भीती होती. प्रशील कमरेला दोर बांधून लोखंडी पायऱ्यांनी उतरला. मी वर दोर धरून बसले. तो टॉर्च फिरवत, दगड ठोकत सावकाश पाण्यापर्यंत गेला आणि तसाच वर आला. काही नव्हतं. वायर नाही, पेटी नाही, माणूस लपेल अशी जागाही नाही.

"नाना कुठे गेले?" वर येताच त्याने विचारलं.

"मुलांबरोबर. हरभऱ्यात. का?"

"आत्ता इथे नव्हते?"

"नाही."

तो दोर सोडवत राहिला. "मला वाटलं तेच विचारताहेत. थंडी वाजी ऱ्हायनी का म्हणून."

तो खाली असताना मीही तोंडातून शब्द काढला नव्हता. आम्ही जाळी पुन्हा बसवली आणि सगळे बोल्ट दोनदा आवळले.

खरं तर त्याच वेळी मुलांना विहिरीपासून लांब ठेवायला हवं होतं. पण हरभऱ्यातून ती हिरव्या हातांची, हिरव्या ओठांची परतली ती थेट विहिरीवरच. आणि ती दुपार इतकी छान गेली की तिच्यात भिण्यासारखं काय होतं, हे मला कोणाला सांगता आलं नसतं. मुलांनी कोडी घातली. विहिरीने मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. मुलांनी गाणी म्हटली. विहीर "आखो, आखो" करत राहिली. घरची आठवण येऊन रडवेला झालेला एक मुलगा कठड्याशी बसून तिच्याशी काहीतरी हळू बोलला आणि उड्या मारत खेळायला गेला. नानांनी तर खाटच तिथे आणून टाकली. जन्म या शेतात गेला तरी हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. तरी त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. जुना सोबती भेटावा तसे ते कापसाबद्दल, पावसाबद्दल बोलत होते आणि खालून हुंकार येत होता.

"कोण असेल हो नाना?" मी विचारलं.

"कोन बी राहो," नाना म्हणाले. "एकलं शे बिचारं."

योगेंद्र सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी आता ब्लूटूथचं नाव काढलं नाही. "माझी मुलं वर्गात कधी इतकी हसली नाहीत," ते म्हणाले आणि मग पुढे म्हणाले, "उद्या सकाळी लवकर निघू."

सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. दादरीच्या कणसांवर दव चमकत होतं. बॅगा बसमध्ये गेल्या. प्रत्येकाच्या हातात नानांनी दिलेली वांगी आणि हरभऱ्याची जुडी. मुलं निघता निघेनात. एकेक जण नानांच्या पाया पडला. मग कोणीतरी म्हणालं, "विहिरीला टाटा राहिला!" आणि आम्ही थांबवायच्या आत सगळा वर्ग पळाला.

सर आणि मी मागून धावलो.

"आम्ही चाललोऽऽ!" मुलं ओरडत होती. पारवे उडाले, डोक्यावर एक फेरी मारून गेले.

"बठ्ठा जाशात?" खालून आवाज आला.

"होऽऽ! सगळे!"

मुलं जाळीवरून हात हलवत होती. तेवढ्यात खालून आलं,

"कोनी तरी ऱ्हा ना."

आवाज अजिबात भीतिदायक नव्हता. लहान मूल पाहुण्यांचा पदर धरतं, तसा होता. मुलांना हसू आलं, वाईटही वाटलं. ती एकमेकांकडे बघायला लागली. पुनीतने हळूच हात वर केला. मग आणखी कोणीतरी. मग बरेच हात वर झाले.

सर एकेकाचा हात धरून खाली करायला लागले.

जिनल कठड्यावर ओणवी झाली. जाळीला नाक टेकवून तिने श्वास घेतला. तिच्या तोंडातून "मी" एवढंच बाहेर पडलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आणि मीच वाकून म्हणाले, "मी राहते. मी इथेच असते ना. मी राहते."

खाली पाणी किंचित हललं.

"बेस," विहीर म्हणाली.

बस गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत खिडक्यांतून हात हलत होते. नाना बराच वेळ फाटकाशी उभे राहिले आणि डोळे पुसत हसले. मलाही हलकं वाटत होतं. जे काही होऊ शकलं असतं, ते झालं नव्हतं. सगळी मुलं घरी पोचली, असा सरांचा संध्याकाळी फोनही आला.

त्यानंतर विहीर कधी बोलली नाही. पुढे अमळनेरची शाळा आली, मग धुळ्याचा एक भजनी महिला गट राहून गेला. मी तोच तास घेते, तोच प्रतिध्वनी समजावते. "ओ" म्हटलं की "ओ" येतो, बस. नाना अधूनमधून खाटेवर बसून वाट बघतात आणि उठून जातात. शेतावर मात्र सतत गलका असतो. प्रशीलने आणखी झोके बांधलेत. मी इतकी सुखात कधीच नव्हते, आणि हे मी खरंच सांगते.

काल दुपारी धुळ्याहून आईचा फोन आला. मी वांग्यांच्या शेतात होते, आसपास कोणी नव्हतं. मी तिला नव्या शिबिराचं सांगत होते, मुलांनी केलेल्या गमती सांगत होते. ती हूं हूं करत होती. मग मध्येच म्हणाली, "सविता, तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"अगं, आहे. बाई आहे कोणीतरी. मगापासून ऐकतेय मी. तू जे बोलणार ते आधी ती बोलते. मग तू बोलतेस."

मला हसू आलं. मोबाइलचा घोळ असेल, असं मी म्हणणार होते.

"हो, असेलही मोबाइलचा घोळ," आई म्हणाली.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.