कोरकुलम

क्षितिजा वर्गात शिरली, तर एक अनोळखी माणूस तिचा बोर्ड पुसत होता! इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या त्या कोचिंगमध्ये ती जीवशास्त्र शिकवायची. गळ्याखालच्या हाडाचं लॅटिन नाव तिनं सकाळीच लिहून ठेवलं होतं — 'क्लाविकुला'. त्यातलं आता उरलं होतं फक्त... 'कुला'.

हिंदी मुलांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्याच्या मराठी अर्थानं लाजून लाल झाले ते दोघंच.

"अरे... आप मराठी?"

"सातारचा. श्रीहरी, फिजिक्स. खोली चुकली — पण ओळख तर पटली!"

"मी इंदूरची. तीन पिढ्यांची." तिची मान ताठ झाली. "और सुनिए, ते लॅटिनमधलं लाडाचं शेपूट आहे. क्लाविस म्हणजे किल्ली. कुला जोडलं की किल्लुली. आपल्या सोनुलीसारखं. मूस म्हणजे उंदीर, मुस्कुलस म्हणजे उंदरुला — तोच तुमच्या दंडातला स्नायू."

"माझ्या दंडात उंदीर?"

"छोटासाच दिसतोय!"

मग दर सोमवारी तिच्या उपवासाची अर्धी खिचडी तोच संपवू लागला. वर चिडवायचा, "'टाइम लागून जाईल' ही कुठली मराठी हो?"

"आमची. होळकरांच्या गावची."

श्रावणात त्याला पुण्याहून नोकरीचं पत्र आलं. "आजच उत्तर द्यायचंय. तुम्ही थांब म्हणालात, तर..."

"मी कुणाला थांब म्हणत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्याला थांबायचंय, त्यानं आपल्या तोंडानं बोलावं."

म्हणाली खरी — पण पुढच्या तासाला जाताना दोनदा त्याच्या वर्गाकडे वळून पाहिलं. दार उघडलं. वर्ग अजून रिकामा होता. मार्कर हातात धरून श्रीहरी उभा, आणि बोर्डावर —

'कोर म्हणजे काळीज. क्षितिजा, माझी कोरकुला.'

तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले, तरी हात डस्टरकडेच गेला.

"चुकलं, श्रीहरीजी. लाडानं शब्द लहान होतो, त्याचं लिंग बदलत नाही. किल्ली ती, म्हणून कुला. काळीज ते — म्हणून कुलम. मुलीला म्हटलं, तरी कुलमच." तिनं 'ला' पुसून 'लम' लिहिलं. "आणि 'माझी' नाही..."

"माझं," तो म्हणाला. "माझं कोरकुलम."

"हां... अब सही."

"मग पुण्याला काय कळवू?"

तिची मान अजून ताठच होती. ओठ मात्र हसत होते.

"कळवा — इथं एक शब्द नीट शिकायचाय. टाइम लागून जाईल."