दोन सोनी

"अहो! तुमची गाय माझ्या पायावर उभी आहे!"

झेंडूचं क्रेट बांधावर टाकून छाया गोठ्याकडे धावली. बघते तर काय, गव्हाणीला चिकटून एक उंच मुलगा, हातात बर्फाचा निळा डबा, आणि चेहरा असा की आता रडतो की हसतो, काही सांगता येऊ नये!

"सोनी, मागं हो," छाया म्हणाली. गाय निमूट मागं सरली.

"तुमचं बरं ऐकते!"

"ओळखीच्या माणसाचं ऐकते."

"मग ओळख वाढवायला हवी," तो म्हणाला... आणि तेव्हा तो गाईकडे बघत नव्हता.

तो ललित. जनावरांच्या दवाखान्यातल्या लॅबचा. गंगापूर रोडच्या मागं, नव्या इमारतींच्या मधोमध उरलेल्या या मळ्यात तो सहज आला नव्हता. आठवड्यापूर्वी सोनी सातव्या महिन्यात गाभडली होती. मेलेलं वासरू छायानंच उघड्या हातांनी ओढून काढलं होतं. तेव्हापासून तिला जेवण जात नव्हतं, कॉलेजात लक्ष लागत नव्हतं. दवाखान्याच्या मॅडमना एका जंतूचा संशय होता. गाईला गाभडवतो आणि माणसालाही महिनोन्महिने तापात ठेवतो, असला जंतू. म्हणून दोघींचं रक्त हवं होतं.

"गाईचं नाव?" ललितनं विचारलं.

"सोनी," छायाची आई सविता म्हणाली. "घोटीच्या बाजारातून नावासकट आणलीय. नाव बदललं तर गाय पान्हा चोरती."

"आणि हिचं?"

"छाया. पण घरात मलाही सोनीच म्हणतात," छायानं तोंड वाकडं केलं. "मी आधीची! पण गाईपुढं माझं कोण ऐकतं?"

तो खळखळून हसला. किती दिवसांनी त्या गोठ्यात कुणी हसलं होतं! तिच्या दंडाची रबरी पट्टी त्यानं दोनदा सोडून पुन्हा बांधली. सुई टोचली तरी छायाला कळलं नाही.

"यात दिसतं काय?"

"जंतू अंगात शिरला की रक्त त्याच्याशी लढायला शिपाई तयार करतं. अँटिबॉडी. आम्ही त्या शिपायांना शोधतो. रक्तातलं पाणी गुलाबी थेंबात मिसळायचं, चार मिनिटं हलवायचं. शिपाई असतील तर दूध नासावं तसे कण धरतात."

"अजून काय काय दिसतं रक्तात?"

"बस, एवढंच. बाकीचं... तोंडावर दिसतं."

छाया लाजून गाईच्या मानेआड गेली. तिथून तिनं हळूच पाहिलं, नळीवर नाव लिहिताना त्याचं पेन अडखळलं. 'छाया' लिहायचं होतं. त्यानं लिहिलं 'सोनी'. ती गाईच्या मानेआडच हसली.

तिसऱ्या दिवशी तो आला तो मान खाली घालून.

"एका नळीत कण धरलेत. दुसरी स्वच्छ आहे." मग फार हळू, "पण दोन्हींवर सोनीच लिहिलंय मी. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, तोही राहिला. मॅडमना सांगितलं खरं खरं. रक्त पुन्हा घ्यावं लागेल."

आई पुढं आली. "अरे लेकरा, माझी कोणती सोनी रे?"

ललित डबा घ्यायला मोटारसायकलकडे गेला, तशी छाया त्याच्या मागं धावली.

"पुन्हा नको घेऊ. कण धरलेली नळी माझी आहे म्हणून लिही."

"काय?"

"मला गोळ्या मिळतील. दीड महिना खाईन, बरी होईन. गाईला आहे का औषध?"

तो डब्याचा पट्टा सोडू लागला.

"आहे का, ललित?"

"नाही. वेगळीच ठेवावी लागते... कायमची."

"मग लिही ना! एवढं एक लिही माझ्यासाठी. दूध आम्ही उकळून देऊ."

"त्या समोरच्या बिल्डिंगमधली लहान पोरं तुमच्याकडं धारोष्ण प्यायला येतात ना? आणि ती पुन्हा गाभण राहिली, पुन्हा गाभडली, तर पुन्हा तूच हात घालशील. मला माहितीये तू घालशील." तो तिच्याकडे वळला. "तुझ्यासाठीच नाही लिहिणार मी. आवडतेस तू मला, छाया. पहिल्या दिवसापासून."

किती वेळा मनात ऐकलं होतं तिनं हे वाक्य, या तीन दिवसांत! आणि आलं ते असं... नकाराला बांधून.

पुन्हा रक्त घेतलं. या वेळी नळीवर स्वच्छ अक्षरात 'छाया', आणि दुसरीवर बिल्ल्याचा लांबलचक नंबर. कण नंबराच्या नळीत धरले.

मॅडमनी पत्र दिलं. आजारी गाईंसाठी वेगळी शेड असलेल्या एका गोशाळेत जागा मिळाली. सकाळी टेम्पो आला. फळीवर पाय ठेवायला सोनी तयारच होईना. छायाच्या पप्पांनी ओढलं, ड्रायव्हरनं ढकललं. शेवटी छाया पुढं झाली, "चल, सोनी," म्हणाली, आणि गाय तिच्या मागं मुकाट वर चढली. तेच तर असह्य होतं! पप्पा तोंड फिरवून वाफ्यांकडे निघून गेले.

टेम्पो वळणाआड गेल्यावर ललित जवळ आला. गोठ्यात फवारायचं औषध त्यानंच आणलं होतं.

"तुझं रक्त आज स्वच्छ आहे. पण शिपाई तयार व्हायला वेळ लागतो कधी कधी. तीन आठवड्यांनी परत बघायला हवं." त्यानं औषधाचा कॅन खाली ठेवला. "मी... येऊ ना?"

छायानं त्याच्याकडं पाहिलं. काही चुकलं नव्हतं त्याचं. चुकलं असतं तर किती सोपं झालं असतं!

"मलाही आवडतोस तू," ती म्हणाली. "खूप."

त्याचे डोळे उजळले... क्षणभरच.

"पण तू दिसलास की मला टेम्पोची फळी दिसते, ललित. रोज दिसेल." तिनं सोनीचं रिकामं दावं उचलून छातीशी धरलं. "तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठव."