दुसरी खुर्ची येतेय

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण खोटं आहे म्हणू नका. यात माझी सख्खी आजी गेली आहे आणि माझे सख्खे काका आजही जमिनीवर बसून आहेत.

भुताच्या गोष्टीला लोकांना रात्र लागते, पडका बंगला लागतो. इथे दोन्ही नाही. मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ होता आणि दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. चहूकडे लख्ख उजेड आणि हजारो माणसं.

काका शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त झाले तरी रोज सकाळी पाच किलोमीटर चालायचे आणि आम्हाला टोमणे मारायचे, "तुमची हाडं काय खडूची आहेत का रे?"

असा माणूस विमानतळावर मात्र व्हीलचेअर मागायचा!

का, तर सोय. परदेशात राहणाऱ्या ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, शिकवलेलं. "बाबा, तिकिटावर व्हीलचेअर लिहून टाका. मध्ये विमान बदलायचंय आणि तो विमानतळ म्हणजे अख्खं शहर आहे. ढकलणारा माणूस थेट गेटवर नेऊन सोडतो. ना रांग, ना चुकायची भीती."

निम्मे लोक हेच करतात. खरं सांगा, तुम्हीही कुणाला तरी हा सल्ला दिलाच असेल.

गेल्या वर्षी काका-काकू ताईकडे निघाले. पहिल्या विमानात काकूच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या. एकट्याच. अंगात तपकिरी स्वेटर, पाय सुजून टम्म झालेले. तिकडे त्यांचा मुलगा हॉस्पिटलमध्ये होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"आई आल्याशिवाय जाणार नाही म्हणतो हो," एवढंच त्या काकूला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

विमान उशिरा पोचलं. पुढचं सुटायला जेमतेम पन्नास मिनिटं. विमानाच्या दारात व्हीलचेअर तीन हव्या होत्या, आल्या दोनच. दोन्हींवर नावाचे कागद. एक काकूची. दुसरी त्या बाईंची.

काका जाऊन दुसरीत बसले.

ढकलणाऱ्याने कागद बघून नाव विचारलं. त्या परक्या माणसाला आपल्याकडचं बाईचं नाव कुठलं आणि पुरुषाचं कुठलं, काय कळणार?

काकांनी मान हलवली.

बस. नुसती मान हलवली.

"भाऊ, ती माझी खुर्ची आहे." बाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. "मला दहा पावलंसुद्धा चालवत नाही हो."

"दुसरी येतेय. बसा तुम्ही," काका म्हणाले.

काकू "अहो..." म्हणाली. काकांनी डोळे वटारले. काकू गप्प बसली, आणि आपण गप्प बसलो हेच तिला अजून खातं.

पुढच्या विमानातही त्या बाईंची जागा काकूच्या शेजारीच होती. सगळे बसले. पट्टे लागले. दार बंद झालं.

ती जागा रिकामीच राहिली...

सहा महिने गेले. काका तिकडे मजेत होते. मग एक दिवस माझ्या बाबांनी इकडून त्यांना फोन केला. "आईची शुद्ध येते आणि जाते. आली की तुझंच नाव घेते. निघ लगेच."

काका म्हणजे आजीचं शेंडेफळ. तिचा जीव त्यांच्यातच अडकलेला. काकांना जे पहिलं तिकीट मिळालं ते त्याच विमानतळावरून होतं. या वेळी काकूने व्हीलचेअरला साफ नाही म्हटलं. "पाय आहेत मला." काकांनी आपली लिहिलीच.

विमानातून उतरल्यावर काकू म्हणाली, "मी बाथरूमला जाऊन येते. इथून हलू नका." फोन, पर्स, सगळं तिच्याकडे.

दाराशी एकच खुर्ची उभी होती. काका तिच्यात बसले. कागद उलटा पडला होता, तो त्यांनी बाजूला सारला.

मागून कुणीतरी हळूच नाव विचारलं...

काकांनी सवयीने मान हलवली. कुठलं नाव विचारलं, ते ऐकलंसुद्धा नाही.

खुर्ची निघाली.

"अहो, थांबा, माझी बायको यायचीय." खुर्ची थांबली नाही. काकांना वाटलं, भाषा कळत नसेल. काकू येईल गेटवर विचारत विचारत. गेट नंबर तेवीस. तासभर होता हातात.

आधी त्यांना आवाज खटकला. चाकाचा नव्हे, मागच्या पावलांचा. हे ढकलणारे लोक भराभर चालतात. हा माणूस पाय घासत चालत होता.

सर्र... सर्र... सर्र...

आणि चार पावलांनी एक लांब धाप.

एकवीस गेलं. तेवीस आलं. काकांना रांग दिसली, काउंटर दिसला. "हेच! हेच गेट!" ते ओरडले. रांगेतल्या एकानेही वळून पाहिलं नाही.

खुर्ची पुढे गेली.

एकतीस. अडतीस. दुकानं संपली. माणसं विरळ झाली. वर घोषणा होत होत्या, त्यात काकांना स्वतःचं नाव ऐकू आलं. शेवटची सूचना, ताबडतोब गेट तेवीसवर या.

आई वाट बघतेय! काकांनी उडी मारायची ठरवली. रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस तो.

पाय हललेच नाहीत...

"सोडा मला!" काका आता रडत होते. "माझी आई मरायला टेकलीय हो! पाया पडतो, मला जाऊ द्या!"

सर्र... सर्र... आणि मग आवाज थांबला.

गेट सत्तावन्न. दार बंद. समोर एकही माणूस नाही. काकांनी ते गेट ओळखलं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी विमान पकडलं होतं ते इथूनच.

कानाशी गरम श्वास लागला...

"दुसरी येतेय. बसा तुम्ही."

मान वळवायची हिंमत त्यांना झाली नाही.

काका सापडले तीन तासांनी. विमान केव्हाच गेलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी. काकूने विमानतळाच्या ऑफिसातल्या साहेबीणबाईंना धारेवर धरलं, "कुणी नेलं माझ्या नवऱ्याला? दाखवा मला कॅमेऱ्यात!"

त्यांनी दाखवलं.

पडद्यावर एक माणूस खुर्ची ढकलत चालला होता. कमरेत वाकलेला, पाय घासत, मध्येच धाप लागून थांबत. खुर्ची रिकामी होती. तरी चढावर त्याला ती रेटवत नव्हती.

तो माणूस काका होते.

त्यांनी एकट्यानेच ती खुर्ची सत्तावन्नपर्यंत नेली. तिथे ते खाली कोसळले आणि हात जोडून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

साहेबीणबाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, सहा महिन्यांपूर्वी याच दारापाशी एक आजीबाई सापडल्या होत्या. अर्धा तास खुर्चीची वाट पाहिली आणि शेवटी चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा दार बंद झालं होतं. तिथेच खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

स्वेटरचा रंग काकूने विचारला नाही.

आता माझं ऐका. काका तिकडे ती खुर्ची ढकलत होते त्याच वेळी, आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते, मी हॉस्पिटलमध्ये आजीजवळ होते. आजी शुद्धीवर आली. "आला का गं तो?"

"येतोय, आजी. विमानात बसला असेल."

आजी माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

"मग ही बाई असं काय म्हणते?"

"कोण बाई?"

"ती काय, खुर्चीत बसलीय. तपकिरी स्वेटरवाली. म्हणते, तो नाही येणार..."

दारात कुणी नव्हतं. बाहेर मात्र एक चाक करकरत लांब लांब गेलं. मी धावत जाऊन पाहिलं. दोन्ही बाजूंना कॉरिडॉर रिकामा होता.

तासाभरात आजी गेली. डोळे दाराकडेच.

आणि लक्षात घ्या, त्या बाईंबद्दल तोवर आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं. काकूने सगळं सांगितलं ते परत आल्यावर. तपकिरी स्वेटर म्हणाली तेव्हा माझ्या हातातला कप पडला.

मला काकांचा राग येतो. त्या बाईंचा त्याहून जास्त येतो. आमच्या आजीने त्यांचं काय घोडं मारलं होतं?

मग वाटतं, त्यांच्या मुलाने तरी काकांचं काय घोडं मारलं होतं?

काकांचे पाय तेव्हा गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणतात, पायांत काहीही दोष नाही. ताईने चांगली व्हीलचेअर घेऊन दिली. ती हॉलमध्ये उभी आहे. काका तिच्यात बसत नाहीत. लादीवर घसटत घसटत बाथरूमला जातात, पण बसत नाहीत.

गेल्या रविवारी माझं डोकं फिरलं. "काका, किती हाल करून घ्याल? बसा ना! रिकामीच तर आहे खुर्ची."

काकांनी घाबरून तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल गं. मी विचारलं त्यांना."

"कुणाला?"

काका खुर्चीकडे बघत होते.

"त्या म्हणतात... दुसरी येतेय."

मी तिकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. जिन्यात असताना वरून चाकाची करकर ऐकू आली, आणि काकू तर मला सोडायला माझ्यासोबत खाली येत होती.