सातवा फ्यूज

दातांच्या दवाखान्याच्या तळघरातून बाहेर पडायच्या चढावर आमची गाडी बसली. बंद पडली नाही – बसली. आधी मागचा डावा कोपरा, मग उजवा, मग सगळीच, एक लांब उसासा टाकून. मागे अकरा गाड्या आणि एक मोटरसायकल. शेजारच्या सीटवर बाबा. दाढ काढल्यामुळे त्यांचं तोंड बधिर होतं, म्हणून नुसते हातवारे करत होते. त्यांचा अर्थ मी मुद्दाम लावला नाही.

मोटरसायकलवाला उतरला, गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि माझ्या काचेवर टकटक केली.

"रुसलीय?"

"कोण?"

"गाडी."

"माहीत नाही. माझ्याशी बोलत नाही ती."

"माझ्याशी बोलेल," तो म्हणाला. "मेकॅनिक आहे मी."

त्याने माझ्या गुडघ्याजवळचं झाकण उघडलं. "हिच्या चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत. त्यातली एक गळतेय. पंप भरत राहतो म्हणून कळत नाही. पण हा फ्यूज गेला की पंप बंद, आणि बाई खाली." खिशातून नखाएवढा फ्यूज काढून त्याने बसवला. गाडी थरथरली आणि आम्हा दोघांना घेऊन हळूहळू उठली. बाबांनी डोळे मोठे केले.

"पिशवी बदलावी लागेल. परदेशातून येते, जहाजाने. तीन-चार महिने लागतील."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत..." त्याने माझ्याकडे पाहिलं, "...येत राहा."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कोण कुठे किती वेळ बघतो, याचा मला अंदाज आहे. पूर्ण चार सेकंद बघत होता.

गाडीचं नाव आम्ही आत्याबाई ठेवलं होतं. ती आली की सगळ्यांना सरकून घ्यावं लागायचं, आणि तिचं काय बिनसलंय हे विचारायचीही भीती वाटायची. माझी खरी आत्या एकदा फोनवर "आत्याबाईंना आज तेल-पाणी केलं, खूश आहेत" एवढंच ऐकून आठवडाभर गहिवरली होती. आम्ही तिला काही सांगितलं नाही.

बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. पस्तीस वर्षं खांद्यावर साखळी टाकून डोंगर पायी चढले. रस्ता जिथे संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता तिथे बसून जायचं," आणि ही घेतली. नदीतून जाणारी, वाळूत न रुतणारी, आपण किती अंश कललोय ते पडद्यावर दाखवणारी. आम्ही तिला दातांच्या दवाखान्यात न्यायचो. सगळ्यात अवघड चढ म्हणजे ते तळघर, आणि तिथेही ती बसली.

आता जरा लाजिरवाणं. पहिल्या भेटीनंतर तीन आठवडे आत्याबाईंना काहीच झालं नाही. मला हे फार खटकलं. शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी मी ते झाकण उघडलं, फ्यूज काढला आणि माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला. शुक्रवारी सकाळी गाडी अंगणात पोट टेकून होती. मी त्याला फोन केला, आवाजात शक्य तितकी चिंता आणून.

तो आला, नवा फ्यूज लावला, चहा प्यायला.

"तुमची दूरची नजर चांगली आहे," मी म्हणाले. "जवळचं तपासायला हवं."

"जवळचं दिसतं की."

"काय दिसतं?"

"कपात चहा संपलाय ते दिसतं."

असे मी पाच फ्यूज काढले. मध्ये एकदा मात्र मी काहीच केलं नव्हतं. तेल बदलायला दिलेली गाडी त्याच्या गॅरेजमधून धडधाकट आली आणि सकाळी बसलेली. तिला सवय लागली असेल, असं मी धरून चालले.

मग एका सोमवारी बाबा म्हणाले, "गाडी विकू या. रविवारी दहाला एक गृहस्थ येतायत."

"का?"

"हौस फिटली."

गेले कित्येक दिवस ते गाडीपाशी जायचे, दारावर हात ठेवायचे, आजूबाजूला कोणी बघतंय का पाहायचे आणि "आज नको" म्हणून परत यायचे. मला वाटलं, मन उडालं त्यांचं. दिवसभर लोकांची नजर तपासते मी! रात्रभर तळमळले, अर्धी गाडीसाठी आणि अर्धी... गाडी गेल्यावर मी त्याला काय दाखवायला नेणार होते? पंखा?

शनिवारी दुपारी तो म्हणाला, "द्यायच्या आधी एक चक्कर मारून बघायला हवी." आम्ही दगडखाणीमागच्या कच्च्या वाटेला लागलो. मी चालवत होते. समोर दगडांचा चढ आला. आत्याबाईंनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, न चिडता, न दमता... इतकं जड काहीतरी इतक्या अलगद चढताना मी पहिल्यांदाच पाहत होते. वर पोचल्यावर खाली सगळं गाव बारीक दिसत होतं. मी गाडी थांबवली.

"काच पुसू का?" तो म्हणाला. "धूळ बसलीय."

"फडकं आहे माझ्याकडे." मी पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि उघडली. मांडीवर टपटप पाच फ्यूज पडले.

त्याने ते पाहिले. पूर्ण चार सेकंद.

"फ्यूज जळतो," तो हळूच म्हणाला. "नाहीसा होत नाही. पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही थांबला असता." त्याने मोजले. "पाचच?"

"पाचच काढले मी. एकदा ती आपणहून..."

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि सहावा फ्यूज माझ्या तळहातावर ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "त्या आठवड्यात गाडी नुसती तेल बदलायला आली, तुमचा फोन आलाच नाही. मला वाटलं – संपलं."

"तू माझी गाडी बिघडवलीस?"

"एकदाच. तू पाच वेळा."

'तुम्ही' कुठल्या दगडावर गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

रविवारी तोही आला, आत्याबाईंना निरोप द्यायला. दहाला गृहस्थ आले. गाडी अंगणात पोट टेकून बसलेली. त्यांनी एक फेरी मारली, "कळवतो" म्हणाले, आणि इतक्या झपाट्याने गेले की ते कळवणार नाहीत हे तिथेच कळलं.

मी त्याच्याकडे वळले. "तू?"

"शपथ, नाही. तू?"

बाबा पायरीवर पेपर वाचत होते. कालचा होता. त्यांनी तो घडी करून ठेवला, गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि खुर्चीत बसावं तसे सहज ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मग खिशातून फ्यूज काढून त्याच्यापुढे धरला.

"लाव आता."

गाडी थरथरली आणि बाबांना घेऊन उठली. ते समोर बघत होते, पहिल्यांदा डोंगर पाहिल्यासारखे.

"बाबा... गुडघे?" मी म्हणाले. "सांगायचं ना!"

"काय सांगायचं? डोंगर चढलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीत चढता येत नाही, असं? विकून मोकळं व्हावं म्हटलं. पण आज पहाटे झोपच लागेना; उठलो, फ्यूज काढला. त्या दवाखान्यात तोंड बधिर होतं माझं, कान नव्हते."

तो खाकरला. "काका, तिला खाली बसवायला बटन आहे. गिअरच्या मागे. कधीही दाबा."

बाबांनी बटन पाहिलं. मग आम्हा दोघांना पाहिलं.

"मला बटन माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण तुम्हा दोघांना तर तोंड होतं. तरी सहा फ्यूज लागले. पाच हिचे, एक तुझा."

"तुम्हाला कसं..."

"मोजणीतला माणूस आहे मी." त्यांनी गाडी सुरू केली. "बसा मागे दोघं. रस्ता कुठे संपतो, ते मला माहीत आहे."