नागपूर ते स्कारहावन

सीताबर्डीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात काम एकच होतं. जगातली कुठलीही दोन गावं घ्यायची आणि त्यांच्यातलं अंतर अन् विमानाला लागणारा वेळ वेबसाइटवर टाकायचा. गणित मशीन करायचं. मेघाने फक्त गावांचे अक्षांश-रेखांश भरायचे. भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या मुलीला हा पोरखेळच, पण नकाशावर दोन गावांना जोडत पृथ्वीच्या गोलाईवरून वळत जाणारी रेघ पाहायला तिला आवडायचं.

एखाद्या गावाचे आकडे सापडले नाहीत, तर मालक चंद्रभानजींची रीत ठरलेली होती. तूर्तास नागपूरच्याच झिरो माईल दगडाचे आकडे टाकायचे, मागाहून सुधारायचे. चौकट रिकामी दिसता कामा नये.

स्कारहावनचं तिने तसंच केलं. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावरचं हे लहानसं बंदर. तिचा मोठा भाऊ अंकुश तिथे नोकरीला निघाला होता. पानावर उमटलं: नागपूर ते स्कारहावन, शून्य किलोमीटर. तिने ते घरी दाखवलं.

"मंग तं जेवाले घरीच येतो वं," अंकुश म्हणाला. आईसुद्धा हसली. आकडे सुधारायचे मात्र राहून गेले.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ऑफिसात तिच्या मोबाइलवर त्याचा फोन आला. विमानाच्या खिडकीतून त्याने बर्फ पाहिला होता, पासपोर्टवर तिथला शिक्का बसला होता. मग विमानतळाचं काचेचं दार सरकलं आणि अंगावर मे महिन्याची झळ आली. समोर नागपूरचा वर्धा रोड. तो वाडीला घरी गेला, तर दार कोणी उघडेना. घाबरून शहराबाहेर जाणारी अमरावतीची बस धरली. बस कुठेच वळली नाही, सरळ गेली, आणि समोर पुन्हा नागपूरचीच सीताबर्डी आली. आता तो पुन्हा घराच्या दारात उभा होता.

"विमान परत फिरलं असेल गा दादा."

"शिक्का आहे म्हणतो ना. आई आत कुकर लावून राहिली, शिट्टी ऐकू येते मले. दार काहून नाही उघडत?"

मेघाने ऑफिसच्या फोनवरून आईला दार उघडायला लावलं. बाहेर ट्रकांची धूळ होती, माणूस नव्हता. कुकर तर आईने सकाळीच उतरवला होता.

मेघाने स्कारहावनचे खरे आकडे शोधले. एका सागरी नकाशावर मिळाले. भरले. शून्य किलोमीटर. पुन्हा भरले. शून्य.

तिसऱ्यांदा पान बदललं. साडेसहा हजार किलोमीटरच्या वर, आठ तास.

तिचा जीव भांड्यात पडला. "दादा, आता पाहा. काय दिसते?"

"उघडलं," तो म्हणाला. आवाजात हसू होतं. "आईनं उघडलं वं दार."

दुसऱ्या कानाला, ऑफिसच्या फोनवर, आई विचारत होती, दार लावून घेऊ का म्हणून.

"दादा, आत जाऊ नको."

त्याने बूट काढल्याचे दोन आवाज आले. मग कडी लागल्याचा.

मोबाइलमधून, दादाच्या मागून, आईने हाक दिली, "मेघा, भावाले पाणी आण वं."

"आणते," आतून कोणीतरी म्हणालं. रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज आपल्यालाच जसा परका वाटतो, अगदी तसा.